तारा बसवण्याआधीचे दोन महिने

काळेवाडीत दातांचा दवाखाना शोधायला आता लांब जावं लागत नाही. पवनेवरचा पूल ओलांडला की पिंपरीत संत तुकारामनगरच्या बाजूला डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, आणि काळेवाडी फाट्यापासून आतल्या कॉलन्यांपर्यंत खासगी दवाखाने आहेत. एका पिढीमागे वाकडे किंवा पुढे आलेले दात ‘असायचेच’ म्हणून सोडून दिले जात. आज भोसरीत किंवा चाकणला कामाला जाणाऱ्या माणसाच्या घरातही मुलाच्या दातांना तारा बसवण्याचा विचार होतो, हप्ते ठरतात, उपचार सुरू होतो. ही चांगलीच गोष्ट आहे. पण हा निर्णय घेताना घरात बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात: खर्च किती आणि दिवस किती लागतील. ज्या तोंडात तारा बसणार ते तोंड आज किती स्वच्छ आहे, हा प्रश्न मागे राहतो. माझं म्हणणं असं, की तोच पहिला प्रश्न असायला हवा. त्याचं उत्तर समाधानकारक नसेल तर तारा बसवणं दोन महिने पुढे ढकलावं, आणि ढकलण्याचा आग्रह डॉक्टरांच्याही आधी पालकांनी धरावा.

यामागचं कारण कळण्यासाठी दात सरकतो कसा ते पाहावं लागेल. दात जबड्यात भिंतीतल्या खुंटीसारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो आणि दात त्या तंतूंनी धरलेला असतो. तारेने दातावर एका बाजूने हलका जोर दिला, की ज्या बाजूला दाब पडतो तिथलं हाड विशिष्ट पेशी हळूहळू विरघळवतात. उलट बाजूला ताण पडतो आणि तिथे दुसऱ्या पेशी नवं हाड बांधत जातात. दात पुढे सरकतो तो असा, हाड मोडत आणि बांधत. हे काम शरीराच्या गतीनेच होतं, महिन्याला फार तर मिलिमीटरभर. तार जोरात आवळली तर लवकर होईल, असं अनेकांना वाटतं आणि तसं डॉक्टरांना सुचवलंही जातं. प्रत्यक्षात जास्त जोराने त्या तंतूंमधला रक्तपुरवठा दबतो, पेशींचं काम अडतं, दात उशिरा सरकतो आणि मुळाचं टोक झिजण्याचा धोका वाढतो. म्हणून दाताच्या प्रकाराप्रमाणे पन्नास-शंभर ग्रॅमच्या आसपासचा जोरच पुरेसा मानतात. अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेणाऱ्या २०१६ सालच्या एका निबंधात पक्क्या तारांच्या उपचाराला सरासरी वीस महिने लागतात असं दिसलं. आता हिशेब करून पाहा. महिन्यातून एकदा जायचं आणि खुर्चीवर वीस मिनिटं धरली, तर वीस महिन्यांत डॉक्टरांचा हात त्या तोंडाला जेमतेम सात तास लागतो. उरलेला सगळा काळ ते तोंड घरात, शाळेत, मैदानावर आणि जेवणाच्या ताटासमोर असतं.

एवढ्या काळात काय बिघडू शकतं याचा पुरावा जुना आणि पक्का आहे. दातावर चिकटवलेल्या ब्रॅकेटला चार कडा असतात, वरून तार जाते, तिच्याभोवती रबराच्या कड्या असतात. एरवी जीभ, गाल आणि लाळ दाताचा जो भाग आपोआप धुऊन काढतात, नेमका तोच भाग झाकला जातो. तिथे जंतूंचा चिकट थर साचतो. आपण साखर किंवा पिठूळ पदार्थ खाल्ला की हे जंतू आम्ल तयार करतात, आणि दाताजवळचा पीएच साडेपाचच्या खाली उतरला की कवचातलं खनिज बाहेर पडू लागतं. नॉर्वेतल्या संशोधकांनी १९८८ साली दाखवून दिलं, की तारांच्या पट्टीखाली हा थर तसाच साचू दिला तर चार आठवड्यांत दातावर डोळ्यांना दिसणारे पांढरे डाग पडतात. त्याआधी १९८२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तपासणीत तारांचा उपचार झालेल्यांपैकी जवळपास निम्म्या जणांच्या निदान एका दातावर असा डाग सापडला होता. उपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश होतं. हा खडूसारखा पांढरा डाग म्हणजे किडीची पहिली पायरी. तो बहुतेकदा ब्रॅकेटच्या कडेने किंवा हिरडी आणि ब्रॅकेट यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत पडतो, आणि तारा निघतात त्या दिवशी पहिल्यांदा नीट नजरेस येतो. त्यातले काही डाग लाळ आणि फ्लोराइड यांमुळे पुढे फिकट होतात, काही कायमचे राहतात. दात सरळ झाले आणि त्यांवर चौकटी उमटल्या, असा शेवट त्या मुलाच्या वाट्याला यावा हे मला फार अन्यायाचं वाटतं, कारण तो टाळता येण्याजोगा असतो.

दोन महिन्यांची अट मी हिरड्यांच्या भरवशावर घालतो. १९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. याचा व्यवहारातला अर्थ फार मोलाचा आहे. हिरड्या फार दिवस खोटं बोलू शकत नाहीत. डॉक्टरांकडे जाण्याच्या दिवशी सकाळी कितीही घासलं तरी मागच्या दोन-तीन आठवड्यांचा आळस हिरडीच्या लाल कडेत आणि टोचताच येणाऱ्या रक्तात दिसतो. तेव्हा आधी दात साफ करून घ्यावेत, कीड असेल तर भरून घ्यावी, घासायची पद्धत शिकून घ्यावी आणि मग दोन महिने पाहावं. या काळात दोन तपासण्यांत हिरड्यांतून रक्त येत नसेल, तर त्या घरात तारा सांभाळल्या जातील असं मानायला आधार आहे. रक्त येत असेल तर तारा बसल्यावर ते वाढणारच आहे. आपल्याकडे याबाबत एक समज फार घातक आहे: हिरडीतून रक्त आलं की तिथे ब्रश लावायचा नाही. हवं असतं त्याच्या उलट. रक्त येतं ते तिथे थर साचला म्हणून, आणि तो थर मऊ ब्रशने रोज काढत गेल्यावरच ते थांबतं.

घासण्याची रीत अवघड नाही, फक्त वेळखाऊ आहे. ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका धरून आधी ब्रॅकेटच्या वरची पट्टी, मग ब्रश उलट्या तिरकेपणाने धरून ब्रॅकेटच्या खालची पट्टी, मग दातांची आतली बाजू आणि दाढांचा चावण्याचा भाग. तारेखालच्या जागेत साधा ब्रश शिरतच नाही. तिथे बाटली घासायच्या ब्रशच्या आकाराचा, पण काडीएवढा लहान ब्रश मिळतो, तो दोन ब्रॅकेटच्या मधून वर-खाली फिरवावा लागतो. रात्रीचं घासणं चुकवून चालत नाही, कारण झोपेत लाळ कमी होते आणि थराला रात्रभर मोकळं रान मिळतं. पेस्ट फ्लोराइडची हवी. भारतात तिच्यात दहा लाख भागांत एक हजार भागांपर्यंत फ्लोराइडला परवानगी आहे, आणि तेवढ्याच्या जवळपासचं प्रमाण वेष्टनावर वाचून घ्यावं. घासून झाल्यावर पेस्ट थुंकावी, पण लगेच भरपूर पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत, नाहीतर दातावर राहायला हवं ते फ्लोराइडही निघून जातं. बोटाने लावायची दंतमंजनं, मिश्री, कडुनिंबाची काडी यांतलं काहीही तारेखाली पोचत नाही. मिश्रीत तर तंबाखूच असते. तिची जागा कुठल्याच तोंडात नाही.

खाण्याच्या बाबतीत दवाखान्यातून मिळणारी यादी अनेकदा परदेशी पुस्तकातली असते, आणि आपल्या घरातले खरे अडथळे तिच्यात नसतात. आपल्याकडे ब्रॅकेट निघतो तो शेंगदाण्याच्या चिक्कीने, फुटाण्यांनी, कडक बुंदीच्या लाडवाने, उसाच्या कांड्याने, दातांनी सोललेल्या मक्याच्या कणसाने आणि अख्ख्या पेरूला मारलेल्या चाव्याने. पेरू, सफरचंद, गाजर सोडायची गरज नाही. फोडी करून मागच्या दाढांनी खावं. भाकरी कडेला कडक झालेली असेल तर वरणात किंवा दुधात कुस्करावी. तारा बसवल्यानंतर आणि दर वेळी तार बदलल्यानंतर दुखणं साधारण दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार दिवसांत उतरतं. तेवढे दिवस मुगाची खिचडी, मऊ भात, उपमा यांवर काढता येतात. हळदीने रबराच्या पारदर्शक कड्या पिवळ्या पडतात, म्हणून मुली हिरमुसतात. त्यात अपाय काही नाही, पुढच्या भेटीत कड्या बदलतात, आणि करड्या किंवा गडद रंगाच्या घेतल्या तर डाग दिसतही नाही. खरा घात करतो तो गोड चहा आणि त्यात बुडवलेलं बिस्किट. तेही किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं याला महत्त्व आहे, कारण प्रत्येक वेळी दाताजवळची आम्लता सावरायला अर्धा ते एक तास जातो. सकाळी चहा-बिस्किट, शाळेच्या वाटेवर चॉकलेट, मधल्या सुटीत वेफर्स, क्लासला जाताना पुन्हा चहा, असा दिवस असेल तर दात सावरायचा कधी? तेच गोड जेवणासोबत एकदम खाल्लं तर नुकसान बरंच कमी होतं. शाळेत डबा खाल्ल्यावर पाण्याने दोन-तीन जोरदार चुळा भरल्या तरी अडकलेले कण सुटतात, आणि त्याला ना पैसे लागतात ना आरसा.

दोन महिने थांबण्यावर पहिला आक्षेप येतो तो वयाचा: थांबलो आणि वेळ निघून गेली तर? हा आक्षेप काही बाबतीत रास्त आहे. जबड्यांच्या वाढीतच फरक असेल, खालचा जबडा मागे राहिला असेल, तर वाढीच्या जोमाच्या काळात केलेल्या उपचाराचा फायदा मिळतो. हा काळ मुलींमध्ये साधारण दहा ते बारा आणि मुलांमध्ये बारा ते चौदा वर्षांचा असतो. वरचा सुळा दहाव्या वर्षाच्या सुमाराला हिरडीवर हाताला लागत नसेल, तर तो आत आडवा अडकलाय का हे क्ष-किरणाने पाहावं लागतं, कारण असा सुळा शेजारच्या दाताचं मूळ खाऊ शकतो. पण यातून निष्कर्ष निघतो तो घाईचा नाही, लवकर तपासण्याचा. अमेरिकेतल्या दंतव्यंगोपचार तज्ज्ञांची संघटना सातव्या वर्षी पहिली तपासणी करायला सांगते. तपासणी म्हणजे तारा नव्हेत. सातव्या-आठव्या वर्षी एकदा पाहून ठेवलं तर घासण्याची सवय लागायला तीन-चार वर्षं मिळतात आणि मग दोन महिन्यांचा प्रश्नच उरत नाही. आणि नुसते वाकडे दात सरळ करायचे असतील, तर हाडाच्या पेशी आयुष्यभर काम करतात; हिरड्या निरोगी असल्या तर तिशी-चाळिशीतही दात सरकतात.

दुसरा आक्षेप उलट्या टोकाचा असतो: हे सगळं दिसण्यासाठीच ना, मग एवढा आटापिटा कशाला? इथे प्रामाणिकपणे बोलायला हवं. सगळ्याच वाकड्या दातांना उपचाराची गरज नसते. ब्रिटनमध्ये पीटर ब्रुक आणि विल्यम शॉ यांनी १९८९ साली गरजेच्या पाच पायऱ्या ठरवल्या, आणि तिथली सरकारी आरोग्यसेवा अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रामुख्याने वरच्या पायऱ्यांसाठीच हा उपचार मोफत देते. वरचे पुढचे दात खालच्यांपेक्षा तीन मिलिमीटरहून जास्त पुढे असतील, तर पडल्या-आपटल्यावर ते तुटण्याचा धोका सुमारे दुप्पट असतो, हे १९९९ सालच्या एका आढाव्यात दिसलं आहे. तिथे उपचार केवळ देखणेपणाचा राहत नाही. पण तारांनी माणसाचं आयुष्य बदलतं, हा दावा मात्र टिकत नाही. वेल्समधल्या कार्डिफमध्ये १९८१ साली हजाराहून अधिक शाळकरी मुलांची नोंद घेऊन सुरू झालेल्या अभ्यासात वीस वर्षांनी पुन्हा भेटलेल्यांची तपासणी झाली. २००७ साली आलेले निष्कर्ष सांगतात, की उपचार घेतलेल्यांचे दात अधिक सरळ होते आणि त्यांना आपल्या दातांबद्दल समाधानही होतं, पण त्यांच्या आत्मसन्मानात किंवा मानसिक आरोग्यात म्हणावा असा फरक नव्हता. आपल्याकडे मुलीचं लग्न ठरवायच्या बोलण्यांत तिच्या दातांची चर्चा होते आणि मग सहा महिन्यांत दात सरळ करून द्या असा दबाव येतो. हा दबाव तिच्यावर टाकणं चूक आहे, आणि त्या घाईत हाड व मुळं यांच्यावर पडणारा ताण ही वेगळी चूक. दिसण्यासाठी दात सरळ करावेसे वाटणं यात गैर काही नाही, फक्त ती इच्छा ज्याचे दात आहेत त्याची असावी. तशी असेल तर तो घासतोही.

तिसरा आक्षेप वेळेचा. सेकंड शिफ्टला गेलेले वडील मध्यरात्री येतात, आई सकाळी कामावर निघते, मग मुलाच्या तोंडावर लक्ष ठेवायचं कोणी? या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारी असते आणि शाळेची रविवारी, त्यामुळे दवाखान्याची वेळ गाठण्यातही ओढाताण होते. अडचण खरी आहे. पण रोज पहारा द्यावा लागत नाही. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पालकांच्या मोबाइलवर आठवड्यातून एकदा आठवणीचा संदेश पाठवला, तेवढ्यानेही मुलांच्या दातांची स्वच्छता सुधारलेली दिसली. म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाने आठवड्यातून एकदा उजेडात ओठ वर करून हिरड्यांची कड पाहिली तरी उपयोग होतो. आजी-आजोबा घरात असतील तर हे काम त्यांच्याकडे द्यावं. ज्यांना तारांऐवजी काढता-घालता येणारे पारदर्शक अलाइनर सोपे वाटतात, त्यांनी ध्यानात घ्यावं की ते दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात ठेवावे लागतात, खाताना आणि चहा घेताना काढावे लागतात, आणि दात न घासता पुन्हा चढवले तर साखर त्यांच्याखाली कोंडली जाते. त्यांना शिस्त तारांहून जास्तच लागते, आणि अवघड केसमध्ये ते पुरेही पडत नाहीत.

उपचार कोणाकडे घ्यावा, यावर थोडक्यात. बी.डी.एस.च्या अभ्यासक्रमात हा विषय शिकवला जातो, पण त्यानंतर याच विषयात तीन वर्षांचा एम.डी.एस. केलेले तज्ज्ञ वेगळे असतात. नेहमीच्या दवाखान्यात महिन्यातून ठराविक दिवशी असे तज्ज्ञ येत असतील, तर पुढची दोन वर्षं तेच येणार का, ते विचारून घ्यावं. दंत महाविद्यालयात शिकणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. तिथे फेऱ्या जास्त होतात, पैसे सहसा कमी लागतात. कुठेही गेलात तरी सुरुवातीचे क्ष-किरण आणि फोटो, कोणते दात काढावे लागणार आणि का, उपचार नाही केला तर काय होईल, ब्रॅकेट निघाला तर वेगळे पैसे का आणि शेवटचे रिटेनर (तारा निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारी साधनं) ठरलेल्या रकमेत धरलेत का, हे आधीच लिहून घ्यावं. ब्रॅकेट निघाला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये. तो दात तेवढे दिवस उपचाराबाहेर राहतो. तारेचं टोक गालाला टोचत असेल तर दवाखान्यातून मिळणारं मेण लावावं, आणि कबड्डी-क्रिकेट खेळणाऱ्याने तोंडात घालायचा गार्ड मागून घ्यावा. मोबाइलवर पाहून पुढच्या दोन दातांना रबर बांधण्याचा प्रयोग कोणीही करू नये; ते रबर हिरडीखाली सरकत जातं आणि चांगले दात उखडून टाकतं.

आणि रिटेनर. वीस महिन्यांनी तारा निघाल्या की घरात उपचार संपला असं धरलं जातं, पण हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागेशी जुळवून घ्यायला सात-आठ महिन्यांहूनही अधिक घेतात आणि तोवर दाताला मागे ओढत राहतात. अमेरिकेत सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी दात काढून उपचार केलेल्या पासष्ट जणांना रिटेनर बंद झाल्यावर दहा वर्षांनी तपासलं. १९८१ साली त्यांनी लिहिलं, की सुमारे दोन तृतीयांश जणांचे खालचे पुढचे दात पुन्हा दाटीवाटीने वाकडे झाले होते. म्हणून पहिल्या वर्षात डॉक्टर सांगतील तितके तास, आणि पुढे दात सरळ हवेत तितकी वर्षं रात्री, असाच रिटेनरचा हिशेब आहे. दहावीनंतर मूल वसतिगृहात किंवा आयटीआयला जातं तेव्हाच ही सवय तुटते, तेव्हा निघण्याआधी दुसरा जोड करून द्यावा. रिटेनर गरम पाण्यात धुवू नये, आकार बिघडतो. हॉटेलात कागदी रुमालात गुंडाळून ठेवू नये, ताटासोबत उचलला जातो. खालच्या दातांमागे तार चिकटवलेली असेल तर तिच्याभोवती किटण साचतं, ते दर सहा महिन्यांनी काढून घ्यावं लागतं. काही दिवस न घातल्यावर रिटेनर घट्ट वाटला तर दात हलायला लागलेत असं समजावं आणि त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. चार-सहा महिन्यांनी तो जोराने दाबून बसवण्यात अर्थ नसतो, तोवर नवा माप घेऊन करावा लागतो.